जवळची खूण

तिला सगळी गल्ली मास्तरीण म्हणते, आणि शाळा तिने पाहिली ती चौथीपर्यंत. कपडे शिवणारा पुरुष मास्तर, मग कपडे शिवणारी बाई मास्तरीण, इतकी साधी गोष्ट. नवखा माणूस मात्र फसतो. एकदा एक बाप पोराला घेऊन आला, बीजगणिताची शिकवणी लावायला. मास्तरणीने पोराला खालीवर न्याहाळलं आणि म्हणाली, "बीजगणिताचं मला विचारू नका. पण पँट दोन बोटं लांब आहे. ती सोडून जा, परवा या."

दुकान जिन्याखाली. तीन मजली इमारतीचा जिना वळतो तिथे जी तिरकी पोकळी उरते, तेवढीच खोली. दोन मशिनं, एक इस्त्रीचं टेबल, एक खिडकी. उंच गिऱ्हाईक आत शिरलं की त्याचं डोकं आपटणार हे ठरलेलं, आणि ते आपटायच्या आधी कोपऱ्यातून मान वर न करता वन्सं म्हणणार, "वाका." वन्सं म्हणजे मास्तरणीची नणंद. लग्न केलं नाही, काज आणि बटणं केली. भाऊ लांब पल्ल्याची बस चालवतो, महिन्यातून चार दिवस घरी. बाकीचे सव्वीस दिवस या दोघी एकमेकींचं डोकं खातात आणि त्यावर दोघींची तब्येत छान आहे.

मास्तरणीची एक पद्धत आहे. कपडा हातात आला की पहिल्यांदा त्याच्या आतल्या शिवणीत एक रंगीत टाका घालायचा. डॉक्टरीणबाईंच्या घरचा हिरवा, वरच्या मजल्यावरच्यांचा नारिंगी, बेकरीवाल्याचा जांभळा. याला ती खूण म्हणते. कारण काम कधी पिकोला बाहेर जातं, कधी रंगाऱ्याकडे जातं, आणि परत येताना सगळी पांढरी कापडं सारखी दिसतात. पूर्वी एकदा एका वकिलाचा आणि एका आचाऱ्याचा सदरा बदलला गेला होता. वकील कोर्टात उभा राहिला तो हळदीचा डाग पाठीवर घेऊन, आणि खटलाही हरला. दोष सदऱ्याला दिला. तेव्हापासून खूण.

दुसरी गोष्ट म्हणजे ती चौकस आहे. चौकस म्हणजे भोचक नव्हे, असं तिचं म्हणणं. वन्संचं म्हणणं वेगळं आहे.

ही खोली तिने अठरा वर्षं भाड्याने चालवली. यंदा मालकाला ती विकायची होती. म्हातारा सरळ माणूस. म्हणाला, "पहिला हक्क तुमचा. पण महिनाअखेरपर्यंतच. बाजूच्या मोबाईलवाल्याला गोदाम हवंय, तो रोज विचारतो." बावीस दिवस हातात होते. थोडे पैसे गाठीला होते, बाकी बँकेचं कर्ज. मास्तरणीने आयुष्यात कुणाचं थकवलं नव्हतं, त्यामुळे ती बँकेत गेली तीच ताठ मानेने, नवी साडी नेसून.

कर्जाच्या टेबलावरच्या मॅडमनी नाव-नंबर घातले, पडद्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"मास्तरीणबाई, तुमच्या नावावर आधीच कर्ज आहे की. एका कर्जकंपनीचं. टीव्ही आणि फ्रिज. पाच महिने हप्ता भरलेला नाही."

दुसरं कुणी असतं तर तिथेच रडलं असतं. मास्तरणीने खुर्ची पुढे ओढली. "टीव्ही केवढा आहे?"

"काय?"

"नाही म्हणजे, माझ्या नावाने बघतंय कोण, ते तरी कळू दे. मोठा आहे का?"

"पंचावन्न इंची," मॅडम नकळत बोलून गेल्या.

"बापरे. आमच्या भिंतीवर मावणारच नाही. जिना आडवा येतो."

मॅडम हसल्या, मग हसणं आवरून त्यांनी नीट समजावलं. प्रत्येकाच्या घेण्यादेण्याची एक नोंद असते, पतनोंद. ती ठेवणारी वेगळी कंपनी असते. कुणीही कर्ज द्यायच्या आधी तिथे डोकावतं. तुमच्या नोंदीवर हा डाग असेतोवर बँक तुम्हाला खोलीसाठी छदाम देणार नाही. कुणीतरी तुमची माहिती वापरून हे केलं असेल तर पोलिसांत तक्रार करा, नोंदवाल्या कंपनीला लेखी कळवा, आणि मुख्य म्हणजे त्या कर्जकंपनीकडून लिहून आणा की हे कर्ज तुमचं नाही. "तोवर नोंदीला कुलूप लावून टाका. म्हणजे नवीन कर्ज काढायला कुणी गेलं तर दार बंद."

"कुलूप लागतं होय? मग ते आधी का नाही सांगत कुणी?"

आपली माहिती गोळा करताना हे लोक दारोदार फिरतात. कुलपाची गोष्ट मात्र चोरी झाल्यावर सांगतात.

चौकीतला हवालदार कंटाळलेला होता. "काय चोरीला गेलं?"

"मी."

हवालदाराने मान वर केली. "तुम्ही तर इथे उभ्या आहात."

"तेच तर म्हणतेय. इथे मी उभी, आणि तिकडे मीच टीव्ही बघत बसलेय. दोघींतली एक पकडा."

तक्रार लिहून झाली. शिक्का बसला. घरी आल्यावर वन्संनी सगळं ऐकून घेतलं, तोंडातला दोरा दाताने तोडला आणि म्हणाल्या, "तरी मी म्हणत होते वहिनी, दिसेल तो फॉर्म भरायची तुम्हाला भारी हौस. मापं घ्यायची सवय, तशी द्यायचीही."

"फॉर्म न भरता मशीन मिळालं असतं का?"

"मला काय विचारता. मी हाताने काज करते. सुईने आजवर माझं नाव विचारलं नाही."

दुसऱ्या दिवशी दोघी कर्जकंपनीच्या ऑफिसात. काचेचं दार, आत थंडगार हवा. खिडकीवरचा माणूस, गळ्यात ओळखपत्राची दोरी, बोलायला गोड. गोडपणाच वाईट. "मॅडम, थकवणारे सगळे असंच म्हणतात."

"बरोबर आहे. पण न थकवणारेही असंच म्हणणार ना? वेगळं काय म्हणतील? अर्जाची नक्कल द्या."

"नक्कल देता येत नाही."

"माझ्या नावाचं कर्ज आहे की नाही?"

"आहे."

"मग माझाच अर्ज मला द्यायला कसली लाज? आणि माझं नाही म्हणत असाल तर तेच लिहून द्या. मी चालले."

माणूस या कात्रीत सापडला, पण हलला नाही. तेव्हा दोघी बाकावर बसल्या. वन्संनी पिशवीतून बारा सदरे काढले, बटणांची डबी उघडली. अडीच वाजेपर्यंत त्या ऑफिसात अठ्ठ्याण्णव बटणं लागली. एका कारकुनाच्या बाहीचं लोंबणारं बटणही वन्संनी लावून दिलं, फुकट. तीन वाजता नक्कल आली. आता ती बटणांमुळे आली की त्रासामुळे, देव जाणे.

मास्तरीण अर्ज वाचायला बसली आणि जशी वाचत गेली तशी तिची मान तिरकी होत गेली, नव्या फॅशनचा गळा बघताना होते तशी. नाव तिचं. जन्मतारीख तिची. ओळखपत्राची छायाप्रत, तीही तिचीच. फोन नंबर अनोळखी. सामान पोचवायचा पत्ता शहराच्या पार दुसऱ्या टोकाचा. आणि व्यवसाय?

"वन्सं, हे बघा. शिक्षिका."

"कोण?"

"मी. इथल्या मोठ्या शाळेत. बारा वर्षं नोकरी." तिने खिडकीकडे बघितलं. "अहो, या शाळेत फोन लावा की. मी शिकवते का विचारा."

माणसाने नाखुशीने फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, या नावाचं कुणी नाही, कधीही नव्हतं. मास्तरीण विजयी मुद्रेने वळली, आणि तिथेच घात झाला. माणसाने फोन ठेवला आणि आवाजातला गोडवाही ठेवून दिला. "म्हणजे खोटी नोकरी दाखवून कर्ज घेतलंत. हा वेगळा गुन्हा आहे, मॅडम. शिवाय आम्ही तीन नोटिसा पाठवल्या, तिन्ही परत आल्या. पत्ताही खोटा दिलात. 'निळ्या दारासमोर'. कुरियरवाला तीनदा फिरला, त्या गल्लीत निळं दार नाही."

आता वन्संनी वहिनीकडे बघितलं. वहिनीने अर्ज पुन्हा हातात घेतला. पत्त्याच्या ओळीखाली रकाना होता, 'जवळची खूण'. आणि त्यात लिहिलं होतं: निळ्या दारासमोर.

"अगंबाई," ती हळूच म्हणाली. "ही तर माझीच खूण."

माणूस म्हणाला, "कबूल करताय?"

"थांबा हो. उद्या येते." आणि ती निघालीच. बटणांची डबी वन्संना पळत पळत बंद करावी लागली.

हे निळं दार समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागेल. दोन वर्षांपूर्वी मास्तरणीने मोठ्या कंपनीचं मोटारचं मशीन घेतलं. निळं, चकचकीत. वॉरंटीसाठी फॉर्म भरून दिला, ओळखपत्राची प्रत जोडली. फॉर्मवर रकाना होता, 'जवळची खूण'. सगळी दुनिया त्यात पोस्ट, शाळा, पाण्याची टाकी असं काहीतरी लिहिते, पत्ता सापडावा म्हणून. मास्तरणीला हे कधी कुणी सांगितलंच नव्हतं. खूण म्हटल्यावर तिच्या डोक्यात एकच अर्थ: शिवणीतला टाका. तिला वाटलं, कंपनीकडे हजारो कागद जातात, एकमेकांत मिसळू नयेत म्हणून विचारत असतील, तुमच्या कागदाची खूण कोणती. चांगली पद्धत आहे, तिने मनात कंपनीला शाबासकीही दिली. मशीन निळं, म्हणून खूण निळी. नुसतं 'निळी' लिहिलं तर त्या दुकानातल्या पोरीने परत दिलं, "मावशी, खूण म्हणजे दार वगैरे." मग तिने लिहिलं, निळ्या दारासमोर. आणि तिच्याकडे राहिलेल्या प्रतीच्या कोपऱ्यात निळ्या दोऱ्याचा एक टाका घातला.

पुढे प्रत्येक फॉर्मचं तेच. गॅस कंपनीला लाल पेटीजवळ. विमावाल्यांना पिवळ्या दिव्याखाली. फोनवाल्यांना काळ्या फाटकाशेजारी. दोन फॉर्मना एकच खूण कशी चालेल? मग खुणेचा उपयोग काय?

गल्लीत निळं दार नाही. तिचं स्वतःचं दार शेवाळी आहे.

घरी पत्र्याची पेटी उघडली. सात फॉर्म, सात रंगांचे टाके. निळा टाका असलेला कागद तिने वर काढला. 'जवळची खूण: निळ्या दारासमोर.' आणि वरच्या ओळीत, 'व्यवसाय', तिच्या वाकड्या अक्षरात एकच शब्द: मास्तर. बाकी सगळ्या फॉर्मवर तिने शिवणकाम लिहिलं होतं. मशीनच्या दुकानात कशाला लिहायचं, त्यांना मास्तर म्हटलं की कळतं.

वन्संचे खांदे हलायला लागले. "म्हणजे त्या चोराने... मास्तर वाचून..."

"मला शाळेत नोकरीला लावलं! चौथी पास बाईला! बारा वर्षं!"

दोघी इतक्या हसल्या की वरच्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं, काय झालं. हसू ओसरल्यावर मास्तरीण इस्त्रीच्या टेबलाला टेकली. "पण वन्सं, हीच खूण नडलीही. खरी खूण दिली असती तर पहिली नोटीस इथेच आली असती. पाच महिने आधी कळलं असतं."

वन्संनी यावर टोमणा मारला नाही. हे विरळा. त्या वेगळंच आठवत होत्या. "मशीनवाल्या कंपनीचं एक पत्र आलं होतं ना? उन्हाळ्यात?"

"कुठलं?"

"जाड कागदाचं. पोस्टमननं नाव बघून आणून दिलेलं. तुम्ही म्हणालात जाहिरात असेल." वन्सं उठल्या आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेल्या खाक्यांच्या गठ्ठ्यात हात घातला. बाही, योक, खिसा, आणि शेवटी लहान मुलाच्या कॉलरचा खाका. कंपनीच्या पत्राचा. कागद चांगला होता हो, वाया का घालवायचा.

आता कंपनीची भाषा बघा. कॉलरच्या वळणात अर्धी कापली गेली होती, तरी तिचा बेरकीपणा कापला गेला नव्हता. 'आम्हाला कळवण्यास खेद होतो की काही ग्राहकांची मर्या...' पुढे गळा. 'केवळ नाव व दूरध्वनी क्रमां...' पुन्हा गळा. 'आपली ओळखपत्रे व इतर कागदपत्रे पूर्णपणे सुर...'

"सुर काय?" मास्तरणीने विचारलं. "सुरक्षित की सुरळी?"

"सुरळीच असेल. करून दिली कुणालातरी."

म्हणजे कंपनीला आठ महिन्यांपूर्वी ठाऊक होतं की त्यांचं भांडार फुटलंय. आणि वर सांगत होते, फक्त नावं आणि नंबर गेले. फक्त! जणू शिंप्याने सांगावं, तुमचा फक्त सदरा हरवला, पँट शाबूत आहे. आणि पँट बाजारात कुणीतरी घालून फिरत असावं.

दुसऱ्या दिवशी ती कर्जकंपनीत गेली तेव्हा खिडकीवरच्या माणसाशी बोललीच नाही. "तुमच्या वरचं कोण? ते बोलवा." वरची एक बाई निघाली, चष्म्याची, कमी बोलणारी. मास्तरणीने टेबलावर सात फॉर्म मांडले, पत्ते पिसून लावावेत तसे.

"हे काय?"

"माझ्या खुणा. प्रत्येक कागदाची वेगळी. बघा, गॅस, विमा, फोन. तारखा बघा, शिक्के बघा. निळं दार फक्त मशीनच्या फॉर्मवर आहे, दोन वर्षांपूर्वीच्या. हे दार जगात कुठेही नाही. या एका कागदावर आहे आणि तुमच्या अर्जावर आहे. मी स्वतः तुमच्याकडे कर्ज मागायला आले असते तर तुम्हाला आठवी खूण दिली असती. ही दुसऱ्याच कागदाची तुमच्याकडे कशी आली?"

चष्म्याच्या बाईंनी एकेक कागद उचलून बघितला. टाक्यांवरून बोट फिरवलं. "आणि शिक्षिका?"

"तिथे मास्तर लिहिलंय. चोर शिकलेला असावा. अडाणी असता तर त्याला बरोबर कळलं असतं."

बाई हसल्या नाहीत, पण कॉलरचा खाका त्यांनी दोनदा वाचला. "हे पत्र पूर्ण नाही का?"

"बाकीचं एका पोराच्या गळ्याशी गेलं. पण कंपनीचं नाव आणि तारीख आहे ना? तेवढं पुरे."

"सामान तुमच्या पत्त्यावर गेलं नाही, फोन तुमचा नाही, सही..." त्यांनी दोन सह्या शेजारी धरल्या. चोराची सही लफ्फेदार होती, एका झटक्यात केलेली. मास्तरणीची सही म्हणजे एकेक अक्षर धावदोऱ्यासारखं, सुटंसुटं. बाईंनी कागद ठेवले. "चौकशीला दहा दिवस लागतील. लेखी देईन."

"दहा म्हणजे दहा?"

"दहा."

"नाहीतर आम्ही परत येऊ," वन्संनी डबी वाजवली. "ऐंशी सदरे पडलेत."

तेवढ्या दिवसांत नोंदवाल्या कंपनीला पत्र गेलं आणि नोंदीला कुलूपही लागलं. वन्संच्या फोनवर ते करताना पडद्याने विचारलं, तुमच्या आईचं माहेरचं नाव काय?

"आईचं माहेर तर सगळ्या गल्लीला माहीत आहे," मास्तरीण म्हणाली. "याला गुपित म्हणतात का?"

"मग काय लिहू?"

"खूण लिहा."

काय लिहिलं ते इथे छापायचं नाही.

चौकशी चालू असतानाच बाजूचा मोबाईलवाला टेप घेऊन आला, खोलीचं माप घ्यायला. मास्तरणीने त्याच्या हातातला टेप बघितला, म्हणाली, "तो उलटा धरलाय," आणि त्याला स्वतः माप घेऊन दिलं. वन्संनी त्याला 'वाका' म्हटलं नाही. मुद्दाम.

कर्जकंपनीचं पत्र नवव्या दिवशीच आलं, महिनाअखेरीला आठ दिवस राहिले असताना. सदर कर्ज अर्जदाराचे नसल्याचे आढळून आले. पतनोंदीत दुरुस्ती व्हायला आणखी महिना लागणार होता, पण बँकेतल्या मॅडमनी ते पत्र वरच्या साहेबांपुढे नेऊन ठेवलं, पोलिसांची तक्रार जोडली, आणि तिसाव्या तारखेला मंजुरीचा कागद निघाला. म्हाताऱ्या मालकाने तो डोळ्यांजवळ धरून वाचला. "मोबाईलवाल्याला काय सांगू?"

"सांगा, पत्ता चुकला."

तो हसत हसत गेला. वन्सं म्हणाल्या, "पत्ता चुकला म्हणून पत वाचली, असं म्हणा."

आता गल्लीतल्या बायका फॉर्म घेऊन तिच्याकडे येतात. ती आधी विचारते, हे त्यांना कशाला हवंय? उत्तर नसेल तर रकाना रिकामा. शिवणीच्या बाहेर जास्तीचं कापड सोडतात त्याला माया म्हणतात, पुढे उसवून कपडा मोठा करता येतो. ती बायकांना सांगते, "माया कापडाला सोडायची, कंपनीला नाही. तुम्ही सोडलेलं दुसराच कुणी उसवतो."

खोली नावावर झाल्यावर दाराला रंग द्यायचं ठरलं. वन्सं म्हणाल्या, निळा द्या आता, शोभेल.

"वेड लागलंय का? दार निळं झालं तर खूण खोटी कशी राहील?"

दार शेवाळीच राहिलं. टीव्हीवाली सापडली नाही. मास्तरीण कधी कधी काम करता करता थांबते आणि विचारते, "वन्सं, ती बघत काय असेल हो?" त्यावर वन्संकडे रोज नवं उत्तर असतं.

गेल्या आठवड्यात पोस्टमन जिन्याखाली वाकून उभा राहिला. जाड कागदाचं पाकीट. "मास्तरीण, हे तुमचंच ना? निळं दार म्हटलंय."

"माझंच. द्या."

मशीनवाल्या कंपनीचं होतं. अधिक तपासाअंती असे निदर्शनास आले आहे की काही ग्राहकांची ओळखपत्रेही. इतकं वाचून होतंय तोच वन्संनी सवयीने कात्री उचलली. "कागद चांगलाय. बाहीला पुरेल."

"खबरदार," मास्तरीण म्हणाली, आणि रिळांच्या डब्यात निळा दोरा शोधायला लागली.